माळ्याच्या दोन खोल्या: दापोली तालुक्यातल्या एका कौलारू घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर १९७० च्या दशकातलं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती मातीत बांधलेल्या आणि बाहेरून सिमेंटने दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरलेल्या. पुढे आठ फुटी ओटी, मग दहा फुटी माजघर, मागे पश्चिमेला पडवी आणि स्वयंपाकघर. ओटी आणि माजघर यांच्यावर तीस फूट लांब, अठरा फूट रुंद माळा. वर मंगलोरी कौलं. पूर्वी माळ्यावर भाताच्या कणग्या, सोलायचे नारळ आणि पावसाळ्यापुरती लाकडं असत. शेती कमी झाली तसा तो मोडक्या पाळण्यांचा आणि जुन्या ट्रंकांचा झाला.

घरात निवृत्त शिक्षक काका आणि काकू राहतात. मुलगा, सून आणि दोन नातवंडं पुण्यात. काकांचे धाकटे भाऊ डोंबिवलीला. घर दोघा भावांच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्येही (घरपट्टीच्या नोंदवहीत) दोघांचीच नावं. गौरी-गणपतीला सगळी मिळून चौदा माणसं जमतात आणि त्यातली निम्मी ओटीवर सतरंजी टाकून झोपतात.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पश्चिमेकडचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, उडालं. त्या आठवड्यात तालुक्यात कौलं मिळेनात, सुतारही मिळेना, म्हणून त्या बाजूला पत्रे ठोकले गेले. तात्पुरते म्हणून ठोकलेले ते पत्रे जवळजवळ चार वर्षं राहिले. उन्हाळ्यात माळा भट्टीसारखा तापायचा आणि पावसात खिळ्यांच्या भोकांतून पाणी झिरपायचं. हे झिरपणं पुढे सगळ्यात महागात पडलं.

मी स्थापत्य अभियंता आहे. या भागातल्या जुन्या घरांची कामं करतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मला बोलावणं आलं. कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटू नये एवढे तपशील बाजूला ठेवून, हे लिहितो आहे.

अडचण काय होती

छप्पर नव्याने करायचंच होतं. मुलाचं म्हणणं असं, की छप्पर उतरवतोच आहोत तर माळ्यावर दोन खोल्या करू. तो वर्षातले दोन-तीन महिने गावाहून काम करेल आणि गणपतीला सगळ्यांची झोपायची सोय होईल. हातात पैसे सहा लाख: चार लाख काकांच्या मुदत ठेवीतले, दोन लाख भावाचे.

गावातल्या मिस्त्रीने आकडा दिला होता ५ लाख १३ हजार. छप्पर १ लाख ६० हजार, भिंती चढवणं ८५ हजार, तक्तपोशी (कौलांखालचं फळ्यांचं छत) ७० हजार, जमीन ५५ हजार, खिडक्या ४८ हजार, जिना ४५ हजार, वायरिंग २८ हजार, रंग २२ हजार. कागद नीटनेटका होता. पण सगळं ज्याच्यावर उभं राहणार, त्या तुळयांसाठी त्यात एक रुपया नव्हता.

माळ्याची मापं घेतली तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. आढ्याखाली, म्हणजे छपराच्या मधल्या कण्याखाली, उंची साडेनऊ फूट, पण वळचणीला, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, जेमतेम साडेतीन. ५४० चौरस फुटांपैकी सहा फुटांहून जास्त उंची मिळते ती मधल्या साडेदहा फुटांच्या पट्ट्यात, म्हणजे ३१५ चौरस फुटांत. राहायच्या खोलीवर उतरतं छप्पर असेल तर सरासरी उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट असावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. इथे ती साडेसहा फूट येत होती. आहे त्या उंचीत केलेली खोली झोपायची जागा झाली असती, पण दिवसभर बसून काम करायची नाही.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय काकांच्या मनातला: छप्पर काढून स्लॅब टाकायचा. आजूबाजूच्या तीन घरांनी टाकला होता आणि निसर्गनंतर स्लॅबबद्दलचा विश्वास गावागावांत वाढला आहे. तो विश्वास मला समजतो. घरावरचं पाखं डोळ्यांदेखत उडताना ज्याने पाहिलंय, त्याला "कौलं चांगली" असं सांगायला जीभ उचलत नाही. पण मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर थेट स्लॅब ठेवता येत नाही. खांब, तुळ्या, पाया सगळं नवं लागतं. त्याचा आकडा सोळा लाखांवर गेला आणि तो विषय तिथेच संपला.

दुसरा: घराच्या उत्तरेला जमिनीवरच दोन खोल्या. खर्च सहा लाखांच्या आसपास, जिन्याची भानगड नाही. पण पोफळीची एक रांग तोडावी लागत होती आणि जागा सामायिक असल्यामुळे भावाच्या मनात "उद्या वाटणीला कोणाच्या वाट्याला काय" हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी तो मोकळेपणाने बोलून दाखवला, हे बरं झालं.

तिसरा: आहे त्या उंचीत फळ्या, रंग आणि शिडीच्या जागी साधा जिना. दीड-पावणेदोन लाख. वर सांगितलेल्या उंचीमुळे मुलाने नको म्हटलं.

चौथा: छप्पर उतरवल्यावर भिंती चिऱ्याच्या चार थरांनी, म्हणजे अडीच फूट, वर घ्यायच्या. मग वळचणीला सहा फूट, आढ्याखाली बारा, सरासरी नऊ. पूर्ण ५४० चौरस फूट वापरात येतात. जवळजवळ साडेतीनशे चिरे आणि त्यावर काँक्रीटची पट्टी, म्हणजे मिस्त्रीच्या कागदातले ते ८५ हजार. छप्पर एरवीही उतरायचंच होतं, त्यामुळे हे काम आत्ताच होण्यासारखं होतं. नंतर केलं असतं तर छपराचे दीड लाख दुसऱ्यांदा खर्चावे लागले असते.

चौथा ठरला. मिस्त्रीच्या आकड्यावर मी पंधरा टक्के, म्हणजे ७७ हजार, अनपेक्षित खर्चासाठी धरायला लावले. एकूण ५ लाख ९० हजार. सहा लाखांत बसत होतं, पण अगदी काठावर.

कागदपत्रं आणि भावाची संमती

भिंतीची उंची वाढते म्हटल्यावर परवानगी लागते, आणि सहमालकाच्या सहीशिवाय अर्ज पुढे जात नाही. डोंबिवलीच्या काकांनी फोनवर थोरल्या भावाला विचारलं, "दादा, खर्च तू जास्त करतोयस, मग घरातला माझा वाटा तेवढाच राहतो ना?" प्रश्न साधा, पण असे प्रश्न न विचारल्यामुळे भावाभावांची बोलणी तुटलेली मी पाहिली आहेत. स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र झालं: खर्च कोणी किती केला याची नोंद राहील, त्याने हिश्शात फरक पडणार नाही, आणि वरची एक खोली गणपतीत धाकट्या भावाच्या कुटुंबाची. नकाशा, फी, कागद मिळून २४ हजार गेले. हेही मिस्त्रीच्या आकड्यात नव्हते.

परवानगी फेब्रुवारीअखेर हातात आली. तोवर डिसेंबर आणि जानेवारी हे छपराच्या कामाचे सोन्यासारखे दोन महिने गेले होते.

प्रत्यक्ष काम

*तुळई उघडली तेव्हा.* ४ मार्च २०२४ ला कौलं उतरवायला सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी सुतार मेस्त्री माजघराच्या पश्चिम भिंतीपाशी वाकले, तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथली माती बोटाने काढली आणि पटाशी टेकवली. हातोडा मारलाच नाही. नुसत्या हाताच्या दाबाने पटाशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा पात्याला ओला, चहाच्या चोथ्यासारखा भुसा चिकटलेला होता. खालून बघितलं तर तीच तुळई अखंड, तेल दिल्यासारखी काळीभोर दिसत होती. ऐनाचं लाकूड, मधला भाग अजून पन्नास वर्षं टिकला असता. पण भिंतीतलं टोक चार वर्षं पत्र्याच्या भोकांतून आलेलं पाणी पीत होतं आणि त्या ओलाव्यावर वाळवी आली होती.

अकरापैकी चार तुळया अशा निघाल्या.

इथे माझी चूक सांगतो. नोव्हेंबरमध्ये मी दोन तुळयांची टोकं उघडून बघू असं सुचवलं होतं. काका म्हणाले, "आत्तापासून भिंत कशाला खणायची? काम सुरू होईल तेव्हा बघू." मी गप्प बसलो. एका सुताराची एका दिवसाची मजुरी आणि थोडी माती एवढाच तो खर्च होता. तो वाचवला आणि छप्पर उतरलेलं, परत फिरता येत नाही अशा वेळी ही बातमी कळली. नोव्हेंबरमध्ये कळली असती तर काकांना ठरवायला तीन महिने मिळाले असते. आता तीन दिवस होते.

*लाकूड की लोखंड.* जुन्या तुळया चार इंच बाय सहा इंच, तीन-तीन फुटांवर. मी गणित मांडलं. राहायच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २०० किलोचा चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरतात. त्या भाराला धडक्या ऐनाच्या तुळया मोडणार नव्हत्या, पण दहा फुटांच्या गाळ्यात जमीन पायाखाली हलल्यासारखी वाटली असती. म्हणून कुजलेल्या चार बदलायच्या आणि जिथे पलंग आणि कपाटं येणार तिथे मधे सहा नव्या घालायच्या असं ठरलं. तेवढं वाळलेलं ऐन किंवा किंजळ मार्चमध्ये मिळणं कठीण, आणि ओलं लाकूड घातलं तर ते पुढच्या दोन वर्षांत पिळवटतं. सव्वाशे मिलिमीटरचे लोखंडी आय सेक्शन (इंग्रजी I च्या आकाराच्या तुळया) घेतले, दहा नग, साधारण ४४० किलो. प्रत्येक टोकाखाली चिरा काढून काँक्रीटची उशी ओतली, म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही. टेकू, मजुरी धरून ७४ हजार. वाळवीची फवारणी १४ हजार.

अनपेक्षित खर्चाचा पैसा इथेच संपला होता आणि अजून भिंतीचा एकही थर चढला नव्हता.

*जमिनीचा वाद.* घरात वरती फरशी हवी होती. सुनेने पुण्यात नमुनाही पसंत केला होता. दोन इंचांचा कोबा आणि त्यावर फरशी म्हटलं की दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो होतात. ५० चौरस मीटर माळ्यावर सहा टन. माणसं, पलंग, कपाटं यायच्या आधीच निम्म्याहून जास्त क्षमता फरशीने खाल्ली असती. मी हे काकूंना भाताच्या पोत्यांत सांगितलं: पन्नास किलोची १२० पोती कायमची माळ्यावर ठेवल्यासारखं. त्या म्हणाल्या, "मग नको. एवढं भात आमच्या सासऱ्यांनीसुद्धा वर चढवलं नाही." जुन्या सागाच्या फळ्या घासून परत बसवल्या, कमी पडल्या तिथे सिमेंट बोर्ड. तो निर्णय आजही मला सगळ्यात योग्य वाटतो. त्या फळ्यांवरून अनवाणी चालताना जे वाटतं ते फरशीवर वाटत नाही.

*जिना.* जुनी शिडी तीन फुटांत चढायची. मुलाने नवीन जिन्याला सहा फूट जागा धरली होती. खालच्या जमिनीपासून माळ्यापर्यंत नऊ फूट. पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या आत ठेवायची तर पंधरा उंच्या येतात, आणि पाय टेकायला दहा इंच धरले तर चौदा पायऱ्यांना जवळजवळ पावणेबारा फूट लांबी लागते. माजघराची रुंदी दहा फूट. मेस्त्रींनी खालच्या चार पायऱ्या काटकोनात वळवल्या आणि वरचा भाग बरोबर दोन तुळयांच्या मधून, एकही तुळई न कापता, नेला. त्यामुळे रुंदी दोन फूट आठ इंचच मिळाली. ती कमी आहे, हे मान्य करायला हवं. कपाटं खिडकीच्या चौकटी बसवायच्या आधी दोराने बाहेरून वर घेतली.

*न्हाणीघर.* सुनेला वर न्हाणीघर हवं होतं. रात्री लहान मुलाला घेऊन जिना उतरायचा म्हणजे काय, हे तिचं म्हणणं अगदी खरं. पण लाकडी जमिनीवर रोज पाणी ओतायचं, आणि नुकत्याच आपण काढलेल्या तुळया पाण्यानेच गेल्या होत्या. नाही ठरलं. पडवीतलं जुनं न्हाणीघर नीट केलं, जिन्याच्या तळाशी दिवा आणि कठडा.

*शिमगा.* माझ्या वेळापत्रकात कौलं चढायची तारीख होती ३१ मार्च. होळी २४ मार्चला. कोकणात राहून, दरवर्षी पालखीला खांदा देऊन, मी शिमग्याचे दिवस मोजायला विसरलो. गवंडी, सुतार, मजूर, सगळ्यांच्या गावच्या पालख्या वेगवेगळ्या दिवशी. काम गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे ९ एप्रिलपर्यंत, जवळजवळ बंद राहिलं. तोवर आंब्याचा हंगाम भरात आला आणि मजूर बागांत गेले. उघड्या घरावरची ताडपत्री दोनदा फाटली. नवी ताडपत्री, बांबू आणि वाढीव मजुरी मिळून १९ हजार.

*छप्पर.* वाऱ्यात छप्पर दाबलं जात नाही, वर ओढलं जातं, आणि ओढ सर्वात जास्त असते वळचणीला आणि आढ्यापाशी. भिंती अडीच फूट वर गेल्यावर वारा आणखी मिळणार. म्हणून वरच्या काँक्रीटच्या पट्टीत आधीच बोल्ट पुरले, त्यांना भिंतीवरचं लाकूड, त्याला वासे लोखंडी पट्ट्यांनी बांधले. वळचणीच्या आणि आढ्याच्या रांगांतली कौलं तांब्याच्या तारेने रिपांना अडकवली. या पट्ट्या आणि जास्तीचे वासे यांना ३१ हजार अधिक गेले. छपराला साधारण १३०० कौलं लागली. सातशे जुनी चांगली निघाली, ती घासून पूर्वेच्या पाख्यावर, नवी पश्चिमेला. उत्तरेच्या खोलीत दोन काचेची कौलं.

छप्पर २५ मे ला पुरं झालं. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात आला.

पैशांचा हिशोब

मिस्त्रीचे ५ लाख १३ हजार. त्यात तुळया ७४, छपराचं जास्तीचं ३१, परवानगी २४, शिमग्याची दिरंगाई १९, वाळवी १४ हजार मिळवा: ६ लाख ७५ हजार. एप्रिलमध्ये हा आकडा दिसला तेव्हा आम्ही तिघे पडवीत बसलो आणि काय मागे ढकलता येतं ते पाहिलं. छपरातलं, तुळयांतलं, जिन्याच्या कठड्यातलं काही नाही. दक्षिणेच्या खोलीची तक्तपोशी नंतर करायची ठरलं: ३५ हजार वाचले. शेजारच्या गावात पाडलेल्या घराच्या सागाच्या चार खिडक्या मिळाल्या: १८ हजार वाचले. उरले ६ लाख २२ हजार. वरचे २२ हजार मुलाने दोन पगारांतून दिले.

जुलैत आणखी ११ हजार गेले. भिंत वर घेतल्यामुळे पडवीचं छप्पर आता भिंतीच्या मध्यात येऊन टेकत होतं. त्या सांध्यावर पत्र्याची पट्टी चिऱ्यात खाच पाडून बसवायला हवी होती. ती मिस्त्रीच्या कागदात नव्हती आणि माझ्या नकाशातही नव्हती. पहिल्या झडीत देव्हाऱ्याच्या मागे भिंतीवर ओलीची एक रेघ उतरली. काकूंनी फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, काळजी होती. तेच जास्त लागलं. त्या कामाची माझी फी मी घेतली नाही.

अखेरचा आकडा ६ लाख ३३ हजार.

काय निष्पन्न झालं

७ सप्टेंबर २०२४ ला गणपती आले. वर सात माणसं झोपली. तक्तपोशी झालेल्या उत्तरेच्या खोलीत मुलगा दिवाळीनंतर पाच आठवडे काम करत होता. एप्रिल २०२५ मध्ये दुपारी अडीचला मी दोन्ही खोल्यांत तापमापक ठेवला: तक्तपोशीच्या खोलीत ३४ अंश, नुसत्या कौलांखालच्या खोलीत ३८. कौल आणि फळी यांच्यात राहिलेल्या पोकळीतून गरम हवा आढ्याकडून बाहेर जाते, त्याचा हा फरक.

घरपट्टीची नव्याने आकारणी झाली. दोघा भावांनी ती निम्मी-निम्मी वाटून घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

तुळयांची टोकं आकडा मांडायच्या आधी उघडायला हवी होती. आता मी भिंतीतलं निदान प्रत्येक तिसरं टोक पाहिल्याशिवाय कोणालाच अंदाजपत्रक देत नाही. मालक नाराज झाले तरी चालतात.

परवानगीचा अर्ज पावसाळ्यातच करायला हवा होता, म्हणजे भातकापणी झाल्याबरोबर छप्पर उतरवता आलं असतं आणि शिमग्याच्या आत कौलं चढली असती. पंधरा टक्के राखीव रक्कम जुन्या कौलारू घराला अपुरी पडली. इथे ती पंचवीस हवी होती, आणि सहा लाखच हातात आहेत म्हटल्यावर आराखडा पावणेपाच लाखांचा करून दुसरी खोली पहिल्या दिवसापासून पुढच्या वर्षावर टाकायला हवी होती. शेवटी झालं तेच, पण एप्रिलमध्ये, घाईत, माणसं थकलेली असताना.

न्हाणीघराबाबत मी अजून पूर्ण निश्चिंत नाही. वर नको हे बरोबर होतं. पण उत्तरेच्या भिंतीबाहेर, जमिनीपासून उभारलेलं, घराच्या लाकडाला न टेकणारं छोटं न्हाणीघर पुढे-मागे जोडता यावं म्हणून भिंत चढवतानाच एका दाराची चौकट सोडून तात्पुरती बुजवता आली असती. तेव्हा ते सुचलं नाही. आता चार थर फोडावे लागतील.

दक्षिणेच्या खोलीच्या तक्तपोशीसाठी फणसाच्या फळ्या कापून आणल्या आहेत. पडवीत, मधे काठ्या घालून, वाळत ठेवल्या आहेत. मेस्त्री म्हणतात, दिवाळीनंतर बघू.